नाक म्हणजे चार

कलबुर्गीच्या बसस्टँडवर मी तान्ह्या नातीच्या नाकात औषध ओतले, असे माझी सून सांगत फिरते. ती तेव्हा पाणी आणायला गेली होती. तिने पाहिले काय? मी ओतले नव्हते. ओतणार होतो, इतक्यात शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने माझे मनगट धरले.

"अप्पा, काय करायलाव?"

"दुकानदारानं सांगितलंय, नाकात थेंब."

"मी दुकानात तुमच्या मागंच हुबी होते. 'नाक थेंब' म्हणला त्यो. चार थेंब, तोंडात!"

कन्नडमध्ये चाराला नाक म्हणतात, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. अर्धे कन्नड, अर्धे मराठी बोलणारा तो दुकानदारच चुकला. एकच भाषा येणारा माणूस अडतो आणि पुन्हा विचारतो. दोन्ही येणारा फसतो.

"मला कानडी शिकवू नकोस," मी म्हणालो.

"न्हाई शिकवत. पर औषध घेतानाच दुकानदाराला परत म्हणून दाखवायचं असतंय. सासूच्या गोळ्याबी मी तसंच आणते. आता म्हणा."

दुसऱ्या हाताने तिने माझ्या खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी काढून, उलगडून चारच्या आकड्यावर बोट ठेवले. भर स्टँडवर, या वयात, मला मोठ्याने म्हणावे लागले, "चार थेंब, तोंडात." तेव्हा कुठे तिने मनगट सोडले. तिचे नाव मी विचारले नाही. विचारले असते तर आभारही मानावे लागले असते.

मी मोजून चार थेंब पाजले. नातीने ओठ चाटून पाचव्यासाठी जीभ बाहेर काढली. बाई हसली, तिने बाटलीचे झाकण घट्ट लावले आणि बाटली माझ्या खिशात घातली.