चेहरा नसलेले सम्राट

मी एकदा अख्ख्या साम्राज्यावर खोटा आळ घेतला. तोही चारचौघांत, कडक खळीची साडी नेसून, निबंध वाचून.

नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला आणि आमच्या चंदीगडला, सेक्टर १७ मधल्या एका तिकिटं-नाण्यांच्या दुकानात, विलायतेहून रोमन नाणी येऊ लागली. सोन्याचांदीची नव्हेत. साम्राज्य म्हातारं झाल्यावर पाडलेली, नखाएवढी, मातीने माखलेली ब्राँझची चिल्लर. यजमान मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये संशोधक, मुलगी कॉलेजात, आणि मी एम.ए. होऊन रिकामी. मला त्या चिल्लरीचं वेड लागलं. बॅटरीत घालायच्या पाण्यात ती आठवडेच्या आठवडे भिजवायची, टूथपिकने माती कोरायची, मग घड्याळजीचं भिंग उजव्या डोळ्यात बसवून डावा मिटायचा. एका बाजूला सम्राटाचं मुंडकं आणि भोवती त्याचं नाव. दुसऱ्या बाजूला भाला खुपसणारा शिपाई नाहीतर छावणीचं दार, आणि तळाच्या रेघेखाली टाकसाळीची अक्षरं. त्यावरून नाणं अँटिओकचं की अलेक्झांड्रियाचं ते ठरवायचं.

सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या म्हणायच्या, "मेलेल्यांची चिल्लर धूत बसलीय. जित्यांची भांडी पडलीत मोरीत."

पुढे पुढे माझ्या सम्राटांना चेहरेच दिसेनात. डोक्याची मोत्यांची पट्टी आहे, मानेमागची गाठ आहे, मध्ये नुसता करडा डाग. या नाण्यांचं खरं तर उलट असतं. ठसा मोठा, धातूचा तुकडा लहान, म्हणून काठची अक्षरं कापली जातात आणि चेहरा उरतो. शहाण्या बाईला शंका आली असती. मला सिद्धान्त सुचला! प्रजा राजांना इतकी विटली होती की नाणं हातात पडताच अंगठ्याने तोंड घासून टाकायची. तळाची रेघ वाकडी दिसे, तर म्हटलं टाकसाळीतले कारागीर झिंगलेले. अक्षरांवर नजर रोखली की तीही विरघळत, तर म्हटलं आज उजेड कमी.

नाणी जमवणाऱ्यांची महिन्याची बैठक विद्यापीठातल्या एका खोलीत भरे. तिथे मी निबंध वाचला आणि नाण्यांचा ट्रे फिरवला. इतिहासाचे एक निवृत्त सरदारजी प्राध्यापक नाणं खिडकीपाशी नेऊन बघत राहिले.

"बहनजी, चेहरा तो बिल्कुल साफ है. डबल चिन तक दिख रही है."

"कैसे साफ है? लाइए इधर!"

मी तणतणत भिंग लावलं. डाग. सगळे हसायला लागले. ते मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "भिंग छोडिए. बस एक आँख बंद करके मेरी तरफ देखिए."

मी डावा डोळा मिटून त्यांच्याकडे पाहिलं. निळी पगडी होती. दाढीची कड होती. मध्ये माणूस नव्हता.

तपासणीत कळलं, उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, ऐन मध्यावर, रक्त झिरपलंय. एरवी दोन्ही डोळे उघडे, म्हणून डावा निमूट सांभाळून घेत होता. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. आणि डावा? "जाईल किंवा नाही जाणार. वापरल्याने काही झिजत नाही, खुशाल वाचा."

खुशाल! घरी येऊन मी ट्रे कपाटावर फेकला. या शहरात सगळे चौक सारखे, डोळसालासुद्धा पाटी वाचल्याशिवाय आपला सेक्टर कळत नाही. उद्या मी कुणाच्या खांद्यावर हात ठेवून भाजी आणायची? लेकीच्या लग्नात जावयाच्या जागी काय बघायचं, फेटा? रोज उठल्या उठल्या उजवा डोळा मिटून कॅलेंडरची चौकट बघायची, एखादी रेघ वाकलीय का. रेघ सरळ दिसली की तेवढ्यापुरता श्वास यायचा.

मग मी जगातला सर्वांत मूर्ख उपाय काढला. नवी साडी जपावी तसा डावा डोळा जपायचा! हातरुमाल घडी करून त्यावर बांधला आणि गेलेल्या डोळ्याने घरभर वावरू लागले. दाराच्या चौकटी कपाळाला लागत, वरणात साखर पडे. यजमान समजावून थकले. मुलगी ओरडली, "आई, ये क्या पागलपन है!" मी ऐकेना. एवढा एकच उरलाय, तो मी खर्चणार नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून रडत बसायची.

एका दुपारी सासूबाईंनी माझ्यामागे येऊन रुमालाची गाठ सोडली. मी डोळा गच्च मिटून घेतला. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "उघड डोळा. राखून ठेवलास म्हणून सरणावर तेवढा काढून ठेवणारेत होय गं? तोही जळणारच आहे. तोवर बघून घे की, बये!"