दात दाखवील त्यालाच

कुत्र्यानं दात दाखवल्याशिवाय शेपटीवाला त्याला मारत नसे. एखादं गरीब कुत्रं दात दाखवायला तयारच नसेल, तर तो त्याला काठीनं ढोसत राही. आधी बरगडीत, मग जांघेत, शेवटी नाकावर. कुत्रं गुरगुरलं की समाधानानं म्हणे, "हां, आता बराबरीचं झालं." मग एक घाव. दुसरा घालावा लागत नसे, एवढं चांगलं मी त्याच्याबद्दल सांगू शकते.

भिंगार ओलांडून पुढं आलं की आमचं बाजाराचं गाव. खाटीकगल्लीमुळं भटकी कुत्री फार. ती मारायला पंचायतीनं याला रोजंदारीवर ठेवला होता. कुत्रं मारलं याचा पुरावा म्हणून शेपटी कापून मुकादमाला दाखवायची, तेव्हा हजेरी लागायची. म्हणून तो शेपटीवाला. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याची बायको पारूसुद्धा घेत नसे. माझी भज्यांची गाडी व्हिडिओ सेंटरच्या दाराशी होती. तो काम आटोपून यायचा, माझ्या बादलीशेजारी बसून मातीनं हात घासायचा आणि मग गरम भजी मागायचा. गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मी म्हणायची, "त्यानं मारली नाहीत तर तुमची पोरं चावून घेतील. गप खा."

आधी तो कुचल्याचं विष घातलेले लाडू टाकायचा. सगळेच टाकत. पहाटे लाडू टाकायचे, उजाडल्यावर शेपट्या गोळा करायच्या. सोपं काम. ते बिघडवलं सिनेमानं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. व्हिडिओ सेंटर म्हणजे पत्र्याची खोली, आत सतरंजी आणि एक टीव्ही. तिथं इंग्रजी मारामारीचे सिनेमे लागायचे. एकात परग्रहावरून, आभाळातून शिकारी उतरतो, माणसं मारतो आणि त्यांची मुंडकी सोलून खुणेला घेऊन जातो. लोक आत शिट्ट्या मारत होते. हा एकटा बाहेर आला तो कीर्तनातून उठून आल्यासारखा. इंग्रजीचं अक्षर त्याला येत नव्हतं, पण धंदा ओळखीचा होता.

"आक्का, तो काय कुणालाबी मारत न्हाई," तो म्हणाला. "ज्याच्या हातात हत्यार, त्यालाच मारतो. एका बाईच्या पोटात पोर हाय असं त्याला दिसलं, तर सोडली तिला. आजाऱ्याला सोडलं. मागून वार न्हाई, इख न्हाई."

मी म्हटलं, "तो मजेसाठी येतो. त्याला परवडतं. तुला हजेरी लावायचीय."

"तसं न्हाई. धंद्याला बी काय नेम असतो का न्हाई?"

"मेलेल्याला काय कळतंय, नेमानं मेलो का बिननेमाचा?"

त्यानं हातातलं भजं संपवलं. मग म्हणाला, "मेलेल्याला न्हाई कळत, आक्का. मारणाऱ्याला कळतं."

तेव्हापासून लाडू बंद झाले. गाभण कुत्रीला हात नाही, लूत लागलेल्या, लंगड्या कुत्र्याला हात नाही, पिल्लांना नाही. बाकीच्यांना समोरून, तेही दात दाखवल्यावर. त्या जातीचा सिनेमा आला की तो पुन्हा जाऊन बसे आणि नेमात भर घालून येई.

घरी पारूचं आधी बरं चाललं. पूर्वी तो दारू पिऊन तिला मारायचा. सिनेमानंतर थांबला, तिच्या हातात हत्यार नव्हतं ना! पण एकदा भांडताना तिनं उलथनं उगारलं. हा खूश झाला. "आता तुझ्याबी हातात हाय," म्हणाला आणि तिचं मनगट मोडलं. पारू हुशार. त्यानंतर तो झुलत दारात आला की ती असेल ते खाली टाकायची. भाकरी थापत असली तर परात बाजूला सारून पिठाचे दोन्ही हात वर करायची. भाकरी तव्यावर करपायची. हा उंबऱ्यात उभा राहून तिच्या हातांकडं बघायचा आणि मुकाट झोपायला जायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. हसूही आलं आणि दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

मुकादम मात्र तापला. माझ्या गाडीशीच त्यानं याला धरला.

"काय रे, शेपट्या कुठायत? गावात कुत्री कमी झाली काय?"

"न्हाई साहेब. कुत्री लई हायेत. पर चावायला तयार न्हाईत."

"त्यांना नोटीस पाठवू का?"

सगळी गाडी हसली. हा हसला नाही. मुकादम म्हणाला, "लाडू टाक, नाहीतर दुसरा माणूस बघतो." याची मान खाली गेली, पण लाडू काही त्यानं टाकले नाहीत.

मग ती तांबडी कुत्री आली. एस.टी. स्टँडच्या भिंतीला टेकून बसलेली, पोट गच्च भरलेलं, खालचा जबडा लोंबलेला, लाळेची तार जमिनीपर्यंत. कुणावर भुंकत नव्हती, कुणाच्या अंगावर जात नव्हती. मी लांबून ओरडले, "अरे पिसाळलीय ती! मार तिला!"

"आक्का, पिसाळलेलं पळतं, चावतं. ही गप बसलीय. घशात हाडूक अडाकलंय हिच्या. वर गाभण हाय."

माझ्या वडलांच्या वस्तीवर मी असं गप बसून पिसाळलेलं कुत्रं पाहिलं होतं. तेही सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. त्याच्या नेमात ती तीनदा सुटत होती: पोटुशी, आजारी आणि दात न दाखवणारी. तो गुडघ्यावर बसला आणि तिच्या तोंडात हात घातला. कोपराच्या जरा अलीकडंपर्यंत. कुत्र्यांची रोज काटेरी झुडपातून ओढाओढ करून त्याचे हात कायम ओरबाडलेले असत. हाडूक नव्हतंच. संध्याकाळपर्यंत कुत्री मेली.

मी त्याच्या मागं लागले. "नगरला जा. सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शनं देतात, घेऊन ये."

"कशाला? ती चावली कुठं?"

"लाळ लागली ना, मुडद्या!"

"तिनं मला काय केलं न्हाई, आक्का. जिनं काय केलंच न्हाई, तिच्यामुळं मी मरंन कसा?"

पारूनं रडून सांगितलं. मुकादमानंसुद्धा सांगितलं, एक दिवसाची रजा देतो म्हणाला. हा हसण्यावारी न्यायचा. माणूस जगावा म्हणून आम्ही तिघं तीन बाजूंनी ओढत होतो आणि तो त्या मेलेल्या कुत्रीची बाजू घेऊन बसला होता.

महिना-दोन महिन्यांनी ऊसतोडीच्या बैलगाड्या साखर कारखान्याकडं जायला लागल्या, तेव्हा त्यानं माझ्या गाडीवर चहाचा पेला तोंडाला लावला आणि त्याचा गळा आवळला. पेला खाली पडला. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला कळलं, मला कळलं.

दवाखान्यात त्याला खाटेला बांधलं होतं. ओठ फुटलेले, आणि शेजारच्या खोलीत कुणी बादली भरली तरी अंगाची कमान व्हायची. मधूनच शुद्धीवर असे. मला म्हणाला, "लांब हो आक्का, मी चावंन." मग दम खाऊन, "आता मला मारलं तर नेमात बसतंय. डाक्टरला सांग की." मी सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार होतं? पारू खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "कुत्रीला सोडलंस, मला सोडून चाललास. लई मोठा शिकारी." त्याच दिवशी तो गेला.

मी रडले नाही. रडण्यासारखा माणूस नव्हता तो. पण त्याच्या जागेवर बसून कुणी भजी खायला लागलं की मी उठवायची.

मुकादमानं पारूला त्याच्या कामावर घेतली. दयेनं घेतली का स्वस्तात मिळाली म्हणून, ते त्याचं त्याला ठाऊक. पहिल्या दिवशी उजाडताना ती लाडवांची टोपली घेऊन खाटीकगल्लीत शिरली. मी गाडी लावत होते. इतकी वर्षं ती शिळी भाकरी याच कुत्र्यांना घालत आली होती. तिला बघून सगळी धावत आली, पिल्लंसुद्धा, गाभणीसुद्धा. तिच्या लुगड्याला अंग घासत होती.

मी म्हटलं, "पारे, पिल्लं तरी सोड गं."

तिनं वर पाहिलं नाही. लाडू देता देता म्हणाली, "आक्का, मी काय आभाळातून उतरलेय?"