झोपलेल्यांचं सोनं

घनसावंगीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणारा तो माणूस दोनच शब्द बोलायचा. 'सरका' म्हणजे अजून एक जण बसतोय, आणि 'बराबर' म्हणजे निघालो.

दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र तो आमच्या गावाच्या शिवेवर जीप थांबवायचा. बाहेर उसाचा गार वास, आत पेंगलेली माणसं. आपट्याची पानं घेऊन तो मागं यायचा आणि एकेकाच्या तळहातावर अलगद सोनं ठेवायचा, पण फक्त झोपलेल्यांच्या. जाग्या माणसांना काहीच नाही.

एकदा मी विचारलंच, "आम्हाला का नाही?"

"तुमी लगेच मला परत देता. मंग फिटलं की," तो म्हणाला. मग एका झोपलेल्याकडं बोट दाखवलं. "ह्याला कळणारच न्हाई कुणी दिलं. मंग हा भेटंल त्याला देईल."

पुढच्या दसऱ्याला मी तळहात उघडा ठेवून डोळे मिटून घेतले. पावलं माझ्यापाशी थांबली. विडीचा वास आला. हातावर काहीच पडेना.

"बराबर झोपा," तो कानाशी हळूच म्हणाला.

मला खरंच कधी झोप लागली, कळलं नाही. गाव आल्यावर शेजारच्यानं हलवून उठवलं, तेव्हा माझ्या मुठीत पान होतं. कुणी ठेवलं, ते मी पाहिलं नव्हतं. मी ते शेजारच्याला दिलं.