थोरल्याची बाजू

झाड तुटलं, पण पडलं नाही. बुंध्यापासून सुटताना गर्रकन फिरलं आणि शेजारच्या झाडाच्या बेचक्यात मान अडकवून बसलं. नेमकं खाली शिवणवाल्या बाईंचं एकुलतं दार.

"पाडलंत की टेकवून ठेवलंत?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

डावऱ्याला कुऱ्हाड दगडावर आपटावीशी वाटली. धारेची कीव आली म्हणून हात आवरला.

तो डावखुरा, थोरला भाऊ उजवा. उभी हयात दोघं बुंध्याच्या दोन अंगांना उभे राहिले. एकाची कुऱ्हाड निघाली की दुसऱ्याची पडायची. मग थोरला लाकडाच्या वखारीत यंत्रावर लागला. "जा, बटणं दाबत बस. मी एकटा पुरून उरेन," असं डावरा चारचौघांत म्हणाला आणि बोलणं तुटलं. एकट्यानं पाडायचं हे पहिलंच मोठं झाड. तेही असं लोंबकळत राहिलं.

त्यानं दोर लावून ओढलं. बांबूनं ढोसलं. शिव्या घातल्या. झाड ढिम्म.

जेवण घेऊन आलेली बायको वर बघत म्हणाली, "अहो, भावजींना बोलवा की."

"मेलो तरी नाही."

"या खोडाखाली गेलात तर मराल तेवढे. आणि बाईंनी काय खिडकीतून उड्या मारायच्या?"

त्यानं डबा उघडलाच नाही. पुन्हा दोर ओढला. खोड करकरत वीतभर घसरलं, दाराच्या चौकटीला घासलं आणि परत अडकलं. आत बाई किंचाळल्या. डावऱ्यानं दोर टाकला आणि मान खाली घालून वखारीची वाट धरली.

थोरला आला तो वर बघायच्या आधी बुंध्याशी वाकला. झाड सरळ पडावं म्हणून कापताना मधे लाकडाची पट्टी राखतात. ती डाव्या अंगाला बोटभर उरली होती, उजव्या अंगाला चांगली मनगटाएवढी. झाड तिकडेच ओढलं गेलं होतं.

"माझी बाजू कुणी कापायची होती?" थोरल्यानं विचारलं.

इतकी वर्षं ती बाजू आपोआपच कापली जायची. डावऱ्यानं पट्टीच्या जाड अंगावरून अंगठा फिरवला.

"पहार आण," थोरला म्हणाला.

दोघांनी दोन पहारी खोडाच्या बुडाखाली घातल्या. "हं," थोरला म्हणाला आणि दोघांनी एकदमच जोर लावला. खोड कुशीवर वळलं, बेचक्यातून सुटलं आणि दारापासून लांब, मोकळ्या जागेत धाडकन आडवं झालं.

"उद्या फांद्या छाटायला येशील?" डावऱ्यानं त्याच्याकडे न बघता विचारलं.

"उद्या वखार आहे." थोरल्यानं हात झटकले आणि तो निघाला.

डावरा बुंध्याच्या दुसऱ्या अंगाला, थोरल्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. हातांची जागा बदलून त्यानं कुऱ्हाड धरली आणि घाव घातला. पातं आडवं बसलं, सालीवरून निसटलं.

"चला आता," बायको म्हणाली.

"थांब जरा," तो खेकसला आणि त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली.