पालनकर्त्याचे नाव

"मग इतकी वर्षं तुम्हाला पोसलं कोणी?"

हा प्रश्न मला उभे करून विचारण्यात आला. टेबलापलीकडे तिघे बसले होते. आमचे महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव, एक विश्वस्त आणि नोंदी घेणाऱ्या लिपिकबाई. माझ्या मागे भिंतीलगतच्या बाकांवर इतर अर्जदार आपापल्या आईवडिलांसोबत बसले होते. माझ्यासोबत कोणी नव्हते.

"नोकरी करते, सर. सात वर्षं."

"कुठे?"

"पाचूबंदरला. बर्फाच्या कारखान्यात पावत्या लिहिते."

"राहता कुठे?"

"तिथेच. भाड्याच्या खोलीत."

"एकट्या?"

"हो."

विश्वस्तांनी सचिवांकडे पाहिले. "बर्फात बरीच ऊब दिसतेय," ते म्हणाले.

मागे कोणीतरी हसले. कोण, ते मी वळून पाहिले नाही. एका आईने आपल्या मुलीची ओढणी नीट केली, तेवढे डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले. सचिवांच्या चहावर साय धरली होती. मी त्या सायीकडे पाहत राहिले. मला राग आला नाही. रडूही आले नाही. काहीच आले नाही.

ज्यासाठी मी उभी होते, त्या निधीचे नाव 'स्वावलंबी विद्यार्थी निधी'. स्वतःच्या कमाईवर शिकणाऱ्यांची शेवटच्या वर्षाची फी त्यातून भरली जाते. फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेत नाहीत. माझ्या पगारात खोली, जेवण आणि दोन वर्षांची फी बसली होती. तिसऱ्या वर्षाची बसत नव्हती. गोष्ट एवढीच होती.

"वडील हयात आहेत ना?" सचिवांनी विचारले.

"आहेत."

"मग त्यांचा उत्पन्नाचा दाखला आणा. नाहीतर त्यांना स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला सांगा, की त्यांनी तुमच्याशी संबंध तोडलेत. त्याशिवाय तुम्ही स्वावलंबी आहात हे आम्ही कसं धरायचं?"

"बरं, सर," मी म्हणाले.

आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द हाच असावा. बरं.

माझे वडील बँकेत अधिकारी होते. बोळिंजला त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे. बारावीनंतर त्यांनी माझे शिक्षण थांबवले; मुलींना पुढे शिकवले की स्थळे मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. एकविसाव्या वर्षी त्यांनी एक स्थळ पक्के केले. मी नाही म्हणाले. त्या घरात मी उच्चारलेले ते पहिले 'नाही'. वडील म्हणाले, "मग या घरात जागा नाही." मी गेले. सकाळी दहा वाजता, ते सोफ्यावर पेपर वाचत असताना, त्यांच्या समोरून गेले. बॅगेची चेन अडकली होती. ती आईने लावून दिली.

चार वर्षे नोकरी केल्यावर, पंचविसाव्या वर्षी मी महाविद्यालयात नाव घातले. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा अठरा वर्षांची मुले उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम." मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ती हसली. मीही हसले.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी मी बोळिंजला गेले. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने वही पुढे केली. नाव, कोणाकडे, कशासाठी. 'कशासाठी' या रकान्यात मी 'काम' असे लिहिले. आईने दार उघडले. तिने मला पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ग्लासात, ट्रेमधून, पाणी आणून दिले. मी ते सगळे प्यायले.

"काहीतरी हवं झालं म्हणून वाट सापडली," वडील म्हणाले.

मी अर्जाबद्दल सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ते हिशेबी गृहस्थ आहेत. "माझं उत्पन्न दाखवलंस तर तुला काही मिळायचं नाही," ते म्हणाले. ते खरे होते. "संबंध तोडल्याचं देतो लिहून. उद्या अकराला तहसीलच्या बाहेर ये." गळका नळ दुरुस्त करून देतो म्हणावे, तसा त्यांचा स्वर होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पोळ्या झाल्यात," ती म्हणाली. कोणाला उद्देशून, ते कळले नाही. मी निघाले.

तहसील कचेरीबाहेर छत्रीखाली टंकलेखक बसतात. पूर्वी त्यांच्यापुढे टाइपरायटर असे, आता लॅपटॉप आणि प्रिंटर असतो. प्रत्येक प्रकारच्या कागदाचा नमुना त्यांच्याकडे तयार असतो. नाव आणि पत्ता बदलला की काम झाले. वडिलांनी विषय सांगितला. टंकलेखकाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि वडिलांना विचारले, "मुलगी पळून गेली का, साहेब? त्याचा मसुदा रेडी आहे. नवीन बनवायचा तर थांबावं लागेल."

वडिलांनी घड्याळ पाहिले.

"तोच काढा. काय फरक पडतो."

मी तिथेच होते, दोन हातांवर. प्रिंटरमधून कागद बाहेर आला. 'माझी मुलगी ही श्री. यांच्यासोबत घरातून पळून गेली असून तिच्या वर्तनामुळे कुटुंबाची बेअब्रू झाली आहे. सबब मी तिच्याशी सर्व संबंध तोडले असून तिच्या बऱ्यावाईटास मी जबाबदार नाही.' 'श्री.'च्या पुढची जागा रिकामी होती. टंकलेखक म्हणाला, "इथं कोणाचं नाव टाकायचं?" वडील म्हणाले, "कोणाचंच नाही." त्याने पेनने त्या जागेत एक आडवी रेघ मारली.

ज्या पुरुषासोबत मी पळाले, तो म्हणजे ती रेघ.

वडिलांनी सही केली. कागद माझ्या हातात दिला. आणि मी त्यांना म्हणाले, "थँक्यू." हे लिहिताना माझा हात थांबतो आहे, पण मी तसे म्हणाले. त्यानंतर ते पार्किंगच्या दिशेने गेले, मी बसस्टॉपच्या. बसमध्ये बसायला जागा मिळाली. मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, म्हणजे चुरगळू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे बंदरावर बर्फाच्या पावत्या द्यायला गेले. बोटी लागल्या होत्या. मासळीचा लिलाव चालला होता. माझी घरमालकीण फिलूमावशी मासळी विकते. ती टोपली घेऊन गर्दीत पुढे उभी होती. माझ्या खांद्याला लटकलेली पिशवी पाहून तिने विचारले, "मिलाला कागद?"

"मिळाला."

"वाच."

मी वाचून दाखवला. अवघड शब्द सोपे करून सांगितले. ती मांदेलीच्या ढिगावरची नजर न हलवता ऐकत होती.

"कोनाबरोबर पललीस म्हनं?"

"रेघेबरोबर."

"आनि तुझं नाव कुटं हाय ह्यात?"

मी पुन्हा वाचला. आदल्या दिवसापासून तो कागद मी चार वेळा वाचला होता आणि माझ्या हे लक्षात आले नव्हते. वडिलांचे संपूर्ण नाव होते, वय होते, धंदा होता, पत्ता होता. माझ्यासाठी 'माझी मुलगी' एवढेच दोन शब्द होते. नमुन्यात मुलीच्या नावाला जागाच नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

"मग तुझा कागद कसा तो? तुझ्या बापाचा हाय. देऊन टाक त्याला." एवढे बोलून तिने ओरडून बोली चढवली. समोरून कोणीतरी आणखी चढवली. हिने पुन्हा. लिलाव पुकारणाऱ्या बाईने तीनदा आकडा म्हटला, आणि मग मोठ्याने, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असे ओरडली, "फिलूऽऽ!" ढीग फिलूमावशीच्या टोपलीत आला.

सात वर्षे मी हे रोज पाहत होते. ढीग शेवटची बोली लावणाऱ्याच्या नावाने सुटतो. तो कोणाचा मुलगा, कोणाची बायको, कोणी सोडलेली, कोणी टाकलेली, हे पुकारणारी विचारत नाही. त्या सकाळी पहिल्यांदा ते माझ्या कानात शिरले. त्या चिखलात, माशांच्या वासात एका बाईचे नाव मोठ्याने घेतले जात होते, आणि संस्थेच्या पंख्याखालच्या खोलीत मला माझ्या नावाऐवजी एक रेघ घेऊन यायला सांगितले होते. आणि मी ती घेऊन आले होते. जपून. प्लास्टिकच्या पिशवीतून.

त्यांनी माझ्याशी काय केले, हे मला माहीत होते. मी काय करत होते, हे तिथे कळले.

तरीही अंगात फारसे काही हलले नाही. फक्त हात कोरडे आणि स्थिर वाटले. मी कारखान्यात गेले आणि मालकांकडून सात वर्षांच्या पगाराचे पत्र मागून घेतले. खोलीचा करार काढला. पासबुक काढले. फिलूमावशीने स्वतःच्या अक्षरात, एकेक अक्षर ओढत, लिहून दिले: 'ही माझ्या खोलीत राहाते. भाडा हीच देते. दुसरा कोनी देत नाय.' मी त्यात एकही अक्षर दुरुस्त केले नाही. शेवटी अर्ज नव्याने भरला. त्यात 'पालनकर्त्याचे नाव' असा रकाना आहे. पहिल्या वेळी तो मी मोकळा सोडला होता. आता तिथे माझे नाव लिहिले. संपूर्ण.

अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी बाकांवर पुन्हा पालक होते. सचिवांनी कागद चाळले.

"वडिलांनी लिहून दिलं नाही?"

"दिलंय."

"मग लावा की."

"लावणार नाही. त्यात लिहिलेलं खोटं आहे."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, औपचारिकता असते ती. तुमच्याच फायद्यासाठी सांगतोय. नाहीतर अर्ज बाद होईल."

"बाद करा, सर. मात्र कारण लेखी द्या. माझ्या नावावर."

माझा आवाज मोठा नव्हता. माझा आवाज कधीच मोठा होत नाही. पण खोलीतले बोलणे थांबले होते, त्यामुळे तो शेवटच्या बाकापर्यंत गेला असावा. लिपिकबाईंनी सचिवांकडे पाहिले. सचिव म्हणाले, "ठेवून जा."

"पोच हवी," मी म्हणाले. आणि उभी राहिले. या वेळी मला कोणी उभे केले नव्हते.

मागे एक माणूस खोकला. शेवटी लिपिकबाईंनी माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारला.

वडिलांचा कागद मी रजिस्टर पोस्टाने बोळिंजला परत पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. पाठवणाऱ्याच्या जागी माझे नाव होते आणि पाचूबंदरचा पत्ता.

निर्णय अजून आलेला नाही. परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत आली आहे. निधीचा अर्ज नाकारतील, असे मला वाटते. नाकारला, तर तो नकार घेऊन मी विद्यापीठात जाईन, तिथून पुढच्या दारात जाईन; वर्ष गेले तर पुढच्या वर्षी हाच अर्ज, हेच कागद, याच रकान्यात हेच नाव लिहून पुन्हा त्याच टेबलासमोर उभी राहीन. रेघेच्या सोबतीने मला पदवी नको.

मिळेल ते माझ्या नावाने सुटेल. बुडेल तेही माझ्याच नावाने.