चांदभाईंनी न पाहिलेले जहाज

विहिरीत मोटर पडली की अनसिंग भागात चांदभाईंना बोलावतात. कमरेला दोर बांधून ते बुडी मारतात, तळाचा गाळ चाचपतात, मोटरची कडी हाताला लागली की त्यात दोर अडकवून वर येतात. तीस वर्षांत दीडेकशे विहिरींचे तळ त्यांनी हाताळले. पाहिला मात्र एकही नाही. पाण्याखाली गाळ डोळ्यांत जातो, म्हणून डोळे मिटूनच उतरायचे.

गेल्या जानेवारीत शेलूबाजारच्या रामरावांनी त्यांना जीपमध्ये घालून मालवणकडे नेले. रामरावांचे मोटर दुरुस्तीचे दुकान. चांदभाईंना कामे तिथूनच मिळतात. किनाऱ्याजवळ एक मालवाहू जहाज बुडालेले होते. पर्यटकांना तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा चष्मा देऊन त्याच्यावर तरंगत नेत.

"खाली जावचा नाय हां, वरसूनच बघा," होडीवाल्याने बजावले.

पाणी गार होते. चांदभाई पालथे तरंगले. खाली दोन पुरुष खोलीवर जहाजाच्या फासळ्या, गंजलेला नांगर, त्यातून ये-जा करणारे पट्ट्यांचे मासे. वाळूचा कण न् कण दिसत होता. नांगरापलीकडे एक उघडे दार होते. आत काय आहे, ते वरून कळत नव्हते.

त्यांनी नळी थुंकली, छाती भरून श्वास घेतला आणि बुडी मारून त्या दारातून आत गेले.

हाताला लोखंडी चौकट लागली. मग एक गोल चाक. मग काहीतरी गुळगुळीत, थंड. ते कडी शोधत होते. तेवढ्यात मागोमाग बुडी मारून आलेल्या होडीवाल्याने दंड धरून वर ओढले आणि थेट होडीत बसवले.

"काय पाह्यलं आत, चांदभाई? सोनं-बिनं हाय काय?" रामरावांनी विचारले.

चांदभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"डोये मिटेल होते माये."

"मंग चष्मा कायले लावला होता?" रामराव पोट धरून हसले.

"सवयच तशी."

पुन्हा उतरू द्या, म्हणून त्यांनी दोनदा विनवले. होडीवाल्याने मान हलवली आणि इंजिन सुरू केले.

आता जून आहे. चांदभाई हल्ली विहिरीत डोळे उघडे ठेवून उतरतात. काळोखाशिवाय काही दिसत नाही. घरी येतात तेव्हा डोळे लालभडक असतात. त्यात गुलाबपाणी घालताना पत्नी हाजराबी रोज चिडतात.

"दिसत काई नाई, तं उघडता कायले?"

"रामराव जानेवारीत पुन्हा जीप काढतो म्हणते," चांदभाई म्हणतात. "सवय लावून राह्यलो."