गुणाचं लेकरू

देवीने माझं ऐकलं, असं लोक सांगतात तेव्हा त्यांचे चेहरे उजळलेले असतात. मला मात्र एकदा, तिने माझं ऐकलं याचीच धास्ती वाटली होती.

पाथर्डीकडे माझं माहेर. त्या मोठ्या दुष्काळात मी पहिल्या बाळंतपणाला तिथे आले. विहीर आटलेली, आई एकेका हंड्यासाठी उन्हात वणवण करायची. त्यात बाळंतिणीचं धुणं! पाचवीला सटवाईची पूजा मांडली तेव्हा मी मनोमन मागितलं, लेकरू माझ्या आईला त्रास न देणारं कर. पोर खरंच तशी निघाली. रडणं नाही, सारखी झोपलेली. सकाळी बांधलेला लंगोट दिवस कलला तरी कोरडा. आई कौतुकाने सांगायची, "गुणाचं लेकरू हाय गं. पान्याची टंचाई वळखून आलंय." मीही सटवाईचे आभार मानायची. पोरीचे सुकलेले ओठ दिसायचे, पण देवीने दिलेल्या सुखाला नाव कसं ठेवायचं?

एका दुपारी रस्त्यावर एसटी बंद पडली आणि उतारूंपैकी एक बाई पाणी मागायला दारात आली. आईने तांब्या दिला. बाईची नजर मात्र अंगणातल्या दोरीवर. "बाळंतीण हाय ना घरात? मग लंगोट कुठं वाळत घातल्यात?" आईने हसून आमच्या लेकराचे गुण सांगितले. बाईने तांब्या तसाच खाली ठेवला आणि न विचारता आत आली.

तिने पोरीला माझ्या छातीशी लावलं आणि कान जवळ नेला. "नुसतं चोखतंय. घोट गिळल्याला ऐकू येतोय का तुला?" मला येत नव्हता. पोर दोनदा चोखून पुन्हा झोपली. बाईने तिचे कपडे काढले, तळपाय चोळले, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, मला तिला नीट धरायला शिकवलं आणि पुन्हा पाजायला लावलं. बाहेर गाडी सुरू झाली, कंडक्टर हाका मारू लागला. "जाऊ द्या, दुसरी येईल," बाई म्हणाली. कितीतरी वेळाने पोरीच्या घशातून बारीकसा आवाज आला. मग पुन्हा आला. ऊन उतरताना माझी मांडी ओली झाली आणि मी हमसून रडले. आई त्या ओल्या दुपट्याच्या पाया पडायचीच काय ती बाकी होती.

"झोपली तरी उठवून पाजत जा," बाईने मला बजावलं. "लंगोट भिजाय लागलं की समज, पोटात जातंय. न्हाई भिजलं तर लगेच दवाखाना गाठ, वाट बघू नगं." हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक, मी विचारलं. ती पदर सावरत राहिली. "माझं बी लई गुणाचं हुतं," एवढंच म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझी लेक आता स्वतः आई झाली आहे. लोक म्हणतात, सटवाईच त्या रूपात आली. मी वाद घालत नाही. दर नवरात्रात देवीपुढे त्या बाईसाठी एक ओटी भरते. देवीकडे मागणं तेव्हाच सोडलं. तू देशील ते माझं, म्हणते. फक्त ओटी ठेवताना, माझ्या दाराशी गाडी बंद पाडलीस, मग त्या बाईच्या दाराशी का नाही, असं ओठांवर येतं. विचारत नाही. नमस्कार करते आणि तिच्या त्या न रडणाऱ्या लेकरासाठी जरा वेळ तिथेच बसून राहते.